लिस्टव्ह्यूत डेटाबेसमधल्या नोंदी दाखवताना

लिस्टव्ह्यू म्हणजे फॉर्मवर ओळी आणि कॉलमांची यादी दाखवणारा कंट्रोल. त्याला डेटासोर्स नावाची प्रॉपर्टीच नाही. लिस्टबॉक्सला आहे, कॉम्बोबॉक्सला आहे, डेटाग्रिडव्ह्यूला तर आहेच. त्यांच्या हाती टेबल दिलं की ते आपलं आपण भरून घेतात. लिस्टव्ह्यूत मात्र प्रत्येक ओळ तुम्हालाच बनवून द्यावी लागते. नव्या माणसाला ही कटकट वाटते. मला मात्र तेच सोयीचं वाटतं, कारण डेटाबेस आणि पडदा यांच्यामध्ये काय चाललंय ते सगळं डोळ्यांसमोर राहतं.

खाली सांगते ते सी शार्प भाषा, विंडोज फॉर्म्स (विंडोजवरचे फॉर्म बनवायची डॉटनेटची लायब्ररी) आणि एसक्यूलाइट (एका फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) धरून. उदाहरणाला ग्रंथालयाचं एक टेबल घेऊ: आयडी, दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, पानं आणि दाखल तारीख. आयडी ही प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख. ती वापरणाऱ्याला कधीच दिसणार नाही, पण आपलं सगळं काम तिच्यावर चालणार आहे. डेटाबेस दुसरा असेल तर कनेक्शन आणि कमांडचे क्लास बदलतील, पद्धत बदलणार नाही.

त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. वापरणारा यादीतच टाइप करून माहिती बदलणार असेल तर मुकाट्याने डेटाग्रिडव्ह्यू घ्या. लिस्टव्ह्यूत फार तर पहिल्या कॉलमचा मजकूर जागेवर बदलता येतो, बाकीच्या कॉलमांसाठी वरून टेक्स्टबॉक्स चिकटवत बसावं लागतं आणि ते नाकापेक्षा मोती जड होतं. नोंदी बघायच्या, शोधायच्या, एक निवडून उघडायची, एवढंच असेल तर लिस्टव्ह्यूसारखा सुटसुटीत कंट्रोल नाही.

कंट्रोल आधी नीट लावून घ्या

फॉर्मवर लिस्टव्ह्यू टाकला की तो मोठ्या आयकॉनांच्या व्ह्यूत असतो. त्यात कॉलम दिसतच नाहीत, नुसती पुस्तकांची नावं इकडेतिकडे विखुरलेली दिसतात. ‘डेटा आला, पण एकच कॉलम दिसतोय’ ही तक्रार दहातल्या नऊ वेळा इथलीच असते. व्ह्यू डिटेल्स करा.

मग फुलरोसिलेक्ट ट्रू करा, नाहीतर पहिल्या कॉलमवर क्लिक केलं तरच ओळ निवडली जाते आणि लोक लेखकाच्या नावावर क्लिक करत बसतात. हाइडसिलेक्शन फॉल्स करा, म्हणजे फोकस शोधाच्या चौकटीत गेला तरी निवडलेली ओळ दिसत राहते. एका वेळी एकच नोंद उघडायची असेल तर मल्टीसिलेक्ट बंद. ग्रिडलाइन्स ज्याच्या त्याच्या आवडीवर, मी बंद ठेवते.

कॉलम डिझायनरमध्ये करण्यापेक्षा कोडमध्ये करा. कॉलमांचा क्रम आणि क्वेरीतला क्रम शेजारी शेजारी वाचता आला पाहिजे. रुंदीच्या जागी उणे एक दिलं तर कॉलम त्यातल्या सगळ्यात लांब मजकुराएवढा होतो, उणे दोन दिलं तर हेडरएवढा. शेवटच्या कॉलमला उणे दोन दिलं की तो उरलेली सगळी जागा घेतो, हे फार कामाचं आहे. मात्र पहिला कॉलम कायम डावीकडेच चिकटतो. त्याची अलाइनमेंट बदललीत तरी फरक पडत नाही. म्हणून पानं किंवा रक्कम असले आकडे पहिल्या कॉलमात टाकू नका. आपल्या यादीत पहिलं ग्रंथनाम, मग लेखक, मग दाखल क्रमांक, मग उजवीकडे टेकलेली पानं आणि शेवटी तारीख.

नोंद वाचणं वेगळं, दाखवणं वेगळं

बहुतेक ठिकाणी शिकवतात ते असं: रीडर (क्वेरीच्या नोंदी एकेक करून वाचणारा ऑब्जेक्ट) उघडा, लूप फिरवा, लूपमध्येच लिस्टव्ह्यूत ओळ घाला. चालतं. पण मग तारखेची स्ट्रिंग झालेली असते, पानांची स्ट्रिंग झालेली असते, आणि पुढे सॉर्ट करायची वेळ आली की त्या स्ट्रिंगांतून परत आकडे काढत बसावं लागतं. मी मध्ये एक पायरी ठेवते. ‘पुस्तक’ नावाचा एक साधा क्लास करायचा, ज्यात आयडी आकडाच राहील, तारीख तारीखच राहील. रीडरमधून वाचलेली प्रत्येक नोंद आधी या क्लासात उतरवायची, नोंदींची एक लिस्ट करायची आणि कनेक्शन बंद करायचं. लिस्टव्ह्यूचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि तोपर्यंत त्याचा डेटाबेसशी काही संबंध उरलेला नसतो.

क्वेरीत सिलेक्ट स्टार नको. लागणाऱ्या कॉलमांची नावं लिहा. उद्या कुणी टेबलात मुखपृष्ठाच्या फोटोचा कॉलम वाढवला तर यादीसाठी सगळे फोटो उगाच वाचले जातील. ऑर्डर बाय नक्की लिहा, कारण ते नसेल तर नोंदी कुठल्या क्रमाने येतील याची हमी कुठलाच डेटाबेस देत नाही. वापरणाऱ्याने टाइप केलेलं काहीही क्वेरीत जोडायचं असेल तर पॅरामीटरनेच, म्हणजे क्वेरीत जागा सोडून किंमत वेगळी द्यायची. कनेक्शन, कमांड आणि रीडर तिन्ही यूझिंगच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे काम संपलं की ते आपोआप बंद होतात.

आता नल, म्हणजे टेबलातली किंमतच नसलेली जागा. लेखक माहीत नाही अशी पुस्तकं प्रत्येक टेबलात असतात. अशा जागी थेट गेटस्ट्रिंग केलंत तर एक्सेप्शन येतं, म्हणून आधी इझडीबीनलने विचारा. क्लासात ती जागा नलच राहू द्या, यादीत मात्र रिकामी स्ट्रिंग दाखवा. काहीजण तिथे ‘अज्ञात’ असं लिहून दाखवतात. मला ते पटत नाही. पडद्यावर दिसलं की लोक शोधाच्या चौकटीत ‘अज्ञात’ टाइप करतात आणि टेबलात तो शब्दच नसल्यामुळे हाती काही लागत नाही.

नोंदींची लिस्ट हातात आली की ओळी बनवायच्या. ग्रंथनाम हा लिस्टव्ह्यूआयटेमचा मुख्य मजकूर, बाकीचे कॉलम सबआयटेम म्हणून ओळीने जोडायचे. (सबआयटेमांतला शून्य क्रमांकाचा म्हणजे तो मुख्य मजकूरच, त्यामुळे लेखक एक क्रमांकावर येतो. सुरुवातीला हा एकचा घोळ सगळ्यांचा होतो.) आयटेमच्या टॅगमध्ये (आपल्याला हवं ते ठेवायच्या प्रॉपर्टीत) पुस्तकाचा ऑब्जेक्ट ठेवायचा. सगळे आयटेम एका ॲरेत गोळा करायचे आणि मग बिगिनअपडेट (रंगवणं थांबवतं), आयटेम्स.क्लिअर, आयटेम्स.ॲडरेंज, एंडअपडेट (रंगवणं पुन्हा सुरू करतं). एंडअपडेट फायनलीच्या ब्लॉकमध्ये असू द्या. मध्येच एक्सेप्शन आलं आणि एंडअपडेट राहून गेलं तर यादी पुन्हा रंगतच नाही.

इथे एक खड्डा आहे. आयटेम्स.क्लिअर आणि नुसतं क्लिअर ही दोन वेगळी फंक्शनं आहेत. लिस्टव्ह्यूवर थेट क्लिअर केलं तर ओळींबरोबर कॉलमही जातात. पहिल्यांदा यादी छान दिसते, रिफ्रेशचं बटण दाबलं की कोरी पाटी, आणि एरर कुठेच नाही.

निवडलेली ओळ नेमकी कुठली

माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका प्रोग्राममध्ये काढून टाकण्याचं बटण असं लिहिलेलं होतं: निवडलेल्या ओळीच्या पहिल्या कॉलमातला मजकूर घ्या आणि ते ग्रंथनाम असलेली नोंद उडवा. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती तीन वेगळ्या दाखल क्रमांकांनी नोंदलेल्या होत्या. त्यातली फाटलेली एक प्रत कमी करायला गेले आणि तिन्ही गेल्या. कोड लिहिणाऱ्याने सहा पुस्तकं टाकून तपासलं असणार, आणि सहाही वेगवेगळी असणार.

पडद्यावर दिसणारा मजकूर ही ओळख धरू नका. उघडायचं, बदलायचं, काढायचं, काहीही असो, टॅगमधून पुस्तक घ्या आणि त्याच्या आयडीने क्वेरी चालवा. ओळीचा क्रमांकही ओळख म्हणून चालत नाही, सॉर्ट केलं की तो बदलतो.

ओळ बदलली की सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड हा इव्हेंट येतो, पण एका ओळीवरून दुसरीवर गेलं की तो दोनदा येतो: जुनी ओळ सुटली तेव्हा एकदा आणि नवी धरली तेव्हा एकदा. पहिल्या खेपेला सिलेक्टेडआयटेम्स रिकामं असतं आणि त्यातला शून्यावा आयटेम मागितला की प्रोग्राम आडवा होतो. म्हणून आधी काउंट बघायचा, शून्य असेल तर परत फिरायचं. नोंद उघडण्यासाठी डबलक्लिकऐवजी आयटेमॲक्टिव्हेट वापरा. तो डबलक्लिकला येतो तसा एंटरलाही येतो. दिवसभर नोंदी उघडणारी माणसं माउसला फारसा हात लावत नाहीत.

हेडरवर क्लिक

डिटेल्समध्ये हेडर दिसलं की लोक त्यावर क्लिक करणारच. लिस्टव्ह्यूचं आयतं सॉर्टिंग मजकुरावर चालतं आणि तेही पहिल्या कॉलमच्या. पानांचा कॉलम मजकूर म्हणून लावला तर १०० पानांचं पुस्तक २० पानांच्या आधी येतं. तारखांची तीच गत: ०५/११/२०२३ ही १२/०१/२०२२ च्या आधी.

यासाठी आयकंपेअरर लिहायचा. त्याला दोन आयटेम मिळतात, दोन्हींच्या टॅगमधून पुस्तकं काढायची आणि ज्या कॉलमवर क्लिक झालंय त्याप्रमाणे पानांची पानांशी, तारखेची तारखेशी तुलना करायची. मधल्या क्लासाची मेहनत इथे वसूल होते. दोन्ही सारखी निघाली तर आयडीवर ठरवा, म्हणजे तीच यादी दरवेळी त्याच क्रमाने येईल. हा कंपेअरर लिस्टव्ह्यूआयटेमसॉर्टरमध्ये ठेवायचा, कॉलमक्लिकमध्ये कॉलम आणि दिशा बदलायची आणि सॉर्ट म्हणायचं. यादी पुन्हा भरताना सॉर्टर तात्पुरता काढून ठेवा, नाहीतर भरताभरताच सॉर्ट होत राहतं.

ग्रंथनामं आणि लेखकांची नावं देवनागरीत असतील तर आणखी एक पेच आहे. एसक्यूलाइट नेहमीच्या सेटिंगमध्ये बाइटांची तुलना करतं, म्हणजे युनिकोडमध्ये अक्षरांना जे क्रमांक आहेत त्या क्रमाने. बहुतेक अक्षरं वर्णमालेसारखीच येतात, पण ‘ळ’ येतो ‘ल’ आणि ‘व’ च्या मध्ये, ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष असा साठवलेला असल्याने ‘ख’ च्या आधी, ‘ज्ञ’ हा ‘झ’ च्या आधी, आणि ‘ॲ’ ने सुरू होणारी नावं थेट ‘ह’ च्याही खाली. यादीत ‘क्षितिज’ शेवटी शोधणाऱ्याला ते सापडत नाही. यादी मेमरीत सॉर्ट करत असाल तर स्ट्रिंगांची तुलना मराठी कल्चर (म्हणजे मराठीचे भाषानियम) देऊन करा. सॉर्टिंग डेटाबेसकडूनच हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूलाइट लायब्ररीत क्रिएटकोलेशन आहे. त्यात तीच तुलना नोंदवायची आणि ऑर्डर बायमध्ये कोलेट म्हणून तिचं नाव द्यायचं. ही नोंदणी कनेक्शनपुरती असते, प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर पुन्हा करावी लागते.

ओळी हजारोंनी असतील तर

हजार-दोन हजार नोंदींना वरचं सगळं पुरतं. लाखभर नोंदी असतील तर तेवढे आयटेम बनवून कंट्रोलमध्ये कोंबण्यात काही अर्थ नाही, पडद्यावर एका वेळी तीस-चाळीस ओळी दिसतात. यासाठी व्हर्च्युअलमोड आहे, डॉटनेटच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून. तरी अजून पुष्कळांनी त्याला हात लावलेला नसतो.

व्हर्च्युअलमोड ट्रू केलं की लिस्टव्ह्यू स्वतःजवळ काहीच ठेवत नाही. व्हर्च्युअललिस्टसाइझमध्ये एकूण ओळी किती ते सांगायचं, स्क्रोलबार त्यावरून बनतो. एखादी ओळ रंगवायची वेळ आली की रिट्रीव्हव्हर्च्युअलआयटेम हा इव्हेंट येतो, त्यात ओळीचा क्रमांक असतो आणि तुम्ही आयटेम बनवून परत द्यायचा. प्रत्येक कॉलमसाठी सबआयटेम द्यावाच लागतो, एक जरी कमी पडला तर एक्सेप्शन. नल लेखकाला रिकामी स्ट्रिंग द्यायचं दुसरं कारण हे.

हा इव्हेंट एकाच ओळीसाठी पुन्हा पुन्हा येतो, नुसता माउस फिरवला तरी. त्यामुळे त्यात प्रत्येक ओळीला एक क्वेरी चालवली तर आगीतून फुफाट्यात. नोंदी पानापानाने आणा, समजा २०० ची एक खेप, आणि आणलेली खेप डिक्शनरीत ठेवा. ओळीचा क्रमांक भागिले २०० केलं की खेप कळते. ती जवळ असेल तर तिथून द्या, नसेल तर आणा.

खेप आणायला लोक लिमिट (किती नोंदी द्यायच्या) आणि ऑफसेट (आधीच्या किती सोडायच्या) वापरतात. सुरुवातीला ते झटपट वाटतं, पण ऑफसेट ९०,००० म्हटलं की डेटाबेस आधीच्या ९०,००० नोंदी ओलांडत जातो, आणि स्क्रोलबार ओढून तळाशी नेला की यादी अडखळते. शिवाय मध्येच कुणी नवी नोंद घातली तर सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि एखादं पुस्तक दोनदा दिसतं.

मी करते ते असं. सुरुवातीला फक्त आयडी मागवायचे, हव्या त्या क्रमाने, आणि एका ॲरेत ठेवायचे. एका आयडीला ८ बाइट धरले तर १ लाख आयडी म्हणजे ८ लाख बाइट, एका मेगाबाइटच्या आत. ॲरेची लांबी हीच व्हर्च्युअललिस्टसाइझ. खेप लागली की ॲरेतले ते २०० आयडी काढायचे आणि ‘आयडी यांपैकी’ अशी इन वाली क्वेरी पॅरामीटरांनी चालवायची. प्रायमरी कीवरून शोध असल्याने यादीचा तळ आणि माथा सारख्याच वेगाने येतात. एसक्यूलाइटमध्ये एका क्वेरीत पॅरामीटर किती याला मर्यादा असते, जुन्या आवृत्त्यांत ९९९, म्हणून २०० ला अडचण येत नाही. इन वाली क्वेरी नोंदी कुठल्याही क्रमाने देऊ शकते, तेव्हा आलेल्या नोंदी आयडीनेच डिक्शनरीत टाका आणि क्रम ॲरेकडून घ्या. एखादा आयडी सापडलाच नाही तर ती नोंद दरम्यान कुणीतरी काढलेली आहे. तिथे करड्या रंगात ‘नोंद काढली आहे’ अशी ओळ द्या, पण ओळ द्याच.

या मोडमध्ये काही सवयी सोडाव्या लागतात. आयटेम्समध्ये ॲड चालत नाही. सिलेक्टेडआयटेम्स चालत नाही, सिलेक्टेडइंडायसेस घ्यायचं आणि तो क्रमांक ॲरेत लावून आयडी काढायचा, टॅगची गरजच उरत नाही. आयकंपेअररही इथे निकामी. हेडरवर क्लिक झालं की ऑर्डर बाय बदलून आयडी पुन्हा मागवायचे, डिक्शनरी रिकामी करायची, निवड काढायची, साइझ नव्याने द्यायची आणि इनव्हॅलिडेट (यादी पुन्हा रंगवायला सांगायचं). ऑर्डर बायमधलं कॉलमचं नाव पॅरामीटरने देता येत नाही, म्हणून कॉलम क्रमांकावरून ठरलेलं नाव उचलणारा स्विच लिहा. वापरणाऱ्याकडून आलेली स्ट्रिंग तिथे जाता कामा नये.

शोध आणि ताजी यादी

क्वेरी चालू असताना फॉर्म गोठू नये म्हणून लोक एक्झिक्यूटरीडरएसिंक (क्वेरी चालू असताना फॉर्म मोकळा ठेवायचं फंक्शन) वापरतात आणि एसक्यूलाइटवर त्याचा काहीच उपयोग होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूलाइट लायब्ररीतली एसिंक फंक्शनं आतून सरळ सिंक्रोनसच, म्हणजे काम संपेपर्यंत अडवून धरत, चालतात. टास्क.रन (काम दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे बाजूला चालवणारं फंक्शन) घ्या, कनेक्शन त्याच्या आत उघडा आणि आतच बंद करा, बाहेर फक्त नोंदींची लिस्ट येऊ द्या. अवेटनंतरचा कोड यूआयच्या थ्रेडवर परत येतो, लिस्टव्ह्यूला हात तिथेच लावायचा.

शोधाच्या चौकटीत प्रत्येक अक्षराला क्वेरी नको. ३०० मिलिसेकंदांचा टायमर ठेवा आणि प्रत्येक अक्षराला तो नव्याने सुरू करा. तरीही जुना शोध नव्याच्या मागून उगवू शकतो, म्हणून प्रत्येक शोधाला एक वाढता क्रमांक द्या आणि निकाल आल्यावर तो क्रमांक शेवटचाच आहे ना ते बघा. नसेल तर निकाल फेकून द्या. लाइकला (मजकुराचा तुकडा शोधणाऱ्या अटीला) दिलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंची टक्क्यांची चिन्हं क्वेरीत नव्हे, पॅरामीटरच्या किमतीत घाला. सुरुवातीला टक्का असला की साधा इंडेक्स वापरला जात नाही, पण काही हजार नोंदींना ते जाणवतही नाही.

यादी ताजी करताना माणसाची जागा हलवू नका. आधी निवडलेला आयडी बाजूला ठेवा, यादी भरा, तो आयडी शोधून पुन्हा निवडा, फोकसही त्याच ओळीला द्या आणि एन्शुअरव्हिजिबल म्हणा. फोकस विसरलात तर खालचा बाण दाबल्यावर निवड भलत्याच ओळीवर जाते. ओळी लुकलुकत असतील तर डबलबफर्ड चालू करा. ती प्रॉपर्टी प्रोटेक्टेड आहे, त्यामुळे लिस्टव्ह्यूवरून छोटा क्लास काढून त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ती ट्रू करावी लागते.

सोपवण्याआधी टेबलात मुद्दाम वाईट डेटा टाका: लेखक नसलेलं पुस्तक, एकाच नावाच्या तीन प्रती, नावात अवतरणचिन्ह असलेलं एक, कॉलममध्ये मावणार नाही इतकं लांब नाव असलेलं एक. मग टेबल पूर्ण रिकामं करून फॉर्म उघडा. रिकामा लिस्टव्ह्यू काही बोलत नाही, आणि वापरणाऱ्याला कळत नाही की नोंदी नाहीत की अजून यायच्या आहेत. त्यावर एक लेबल ठेवा, शून्य नोंदी आल्या तरच दिसणारं. शोधात काही न सापडल्याचा मजकूर वेगळा आणि टेबलच रिकामं असल्याचा वेगळा.